दगडावरची रेघ कुणी पाहिली?

या महिन्यातल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली : मुक्तस्रोत प्रकल्पांतल्या, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमधल्या, ऑटोमॅटिक चाचण्या, म्हणजे कोड तपासणारा कोड. इंदुरात माझी पंचवीस वर्षं चाचण्या लिहिण्यात आणि लिहून घेण्यात गेली. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा या चौघांना.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. गणेश मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या छापायला दोन वर्षांपूर्वी पायथन या भाषेत एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येईल असा कोड, लिहिली. आकडा दिला की ‘अक्षरी रुपये’ मराठीत येतात, देणगीदारांची नावं वर्णक्रमाने लागतात, तारीख मराठीत येते. कोड खुला ठेवला, आता बाहेरची माणसंही तो वापरतात. कव्हरेज, म्हणजे चाचण्यांत कोडच्या किती ओळी चालतात ते प्रमाण, ४१ टक्के होतं. एका नव्या मुलाने दोन दिवसांत चाचण्या लिहून ते ८६ वर नेलं. आम्ही खूश होऊन मर्ज केलं, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळलं. पुढच्याच आठवड्यात एका पुस्तकविक्रेत्याने बिल पाठवलं : ४९९ रुपये, अक्षरी ‘चारशे एकोणशंभर’. ८६ टक्के असताना हे कसं झालं? आता १०० टक्क्यांच्या मागे लागायचं का? एसक्यूलाइट या डेटाबेसचं १०० आहे म्हणतात.
— चौघे, सुदामानगर, इंदूर

उत्तर : रविवारी सकाळी तुमचा रेपो, म्हणजे कोडचं भांडार, उघडला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत वाचत बसले. आधी ‘एकोणशंभर’ आला कुठून ते सांगते. तुमच्या आकड्यांच्या फाइलमध्ये एक ओळ आहे : एकक ९ असेल तर पुढच्या दशकाच्या नावाआधी ‘एकोण’ लावा. ज्याने ती लिहिली त्याचं निरीक्षण चांगलं आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. सात ठिकाणी नियम चपखल बसतो. टोकांना मात्र आपली भाषा तो पाळत नाही. ९ ला कुणी एकोणदहा म्हणत नाही, १९ चं एकोणीस होतं आणि ९९ चं नव्व्याण्णव. नवासाठी तुमची एक ते दहाची वेगळी यादी होती म्हणून तो वाचला. एकोणिसासाठी कुणीतरी नंतर एक ‘जर’ घातलेला दिसतो. नव्व्याण्णव राहून गेला.

दोन वर्षं तो सापडला का नाही, याचंही कारण आहे. वर्गणी असते ५१, १०१, २५१, ५०१. आपण शेवटी एक रुपया लावल्याशिवाय पावती फाडत नाही. मंडळाच्या पावतीपुस्तकात ९९ यायचा कुठून? तो आला पुस्तकांच्या किमतीतून, म्हणजे तुम्ही कधी डोळ्यांपुढे आणला नव्हता अशा माणसाकडून. कोड खुला केला की असंच होतं आणि हे चांगलं आहे.

आता त्या ओळीवरची चाचणी पाहा. ती फंक्शनला २९ देते आणि उत्तर रिकामं आलं नाही ना, एवढंच बघते. २९ साठी ती ओळ चालली. कव्हरेज मोजणाऱ्या अवजाराने तिला हिरवा रंग दिला, कारण त्याचं काम तेवढंच : चाचण्या चालू असताना कुठल्या ओळी चालल्या याची नोंद ठेवणं. उत्तर बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि त्याने तसा दावाही कधी केलेला नाही. २९ च्या जागी तुम्ही ‘एकोणतीस’ आलं का असं विचारलं असतं तरी ही ओळ तितकीच हिरवी राहिली असती आणि ९९ तसाच चुकीचा राहिला असता.

माझ्या मामांचं सराफ्यात लहानसं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. कुणी जुनी बांगडी मोडायला आणली की मामा काळ्या कसोटीवर ती घासत. दगडावर पिवळी रेघ उठे. त्या रेघेला लागून ते ठरावीक कसाच्या सळईची दुसरी रेघ ओढत, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडत आणि मग दगड दाराशी, उजेडात नेत. पहिली रेघ फिकी पडते का, दुसरी टिकते का, हे बघायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात दुकानात कुणी बोलत नसे. तुमच्या ८६ टक्क्यांत बांगड्या दगडावर घासल्या गेल्या आहेत. शेजारची सळईची रेघ नाही आणि दगड उजेडातही नेलेला नाही. चाचणीतला ‘असर्ट’, म्हणजे आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडणारी ओळ, ही ती शेजारची रेघ. अपेक्षित उत्तर हाताशी नसेल तर नुसतं घासून काय कळणार?

हे मी पुस्तकी सांगत नाही. २०१२ साली मी एका कंपनीत पतसंस्थांच्या ठेवींचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या गटात होते. वरून आदेश आला की महिनाअखेर कव्हरेज नव्वदीच्या पुढे हवं. आम्ही नेलं. व्याजाचं फंक्शन प्रत्येक वाटेने चालवलं, उत्तर कुठेच ताडून पाहिलं नाही. त्या वर्षी फेब्रुवारीला २९ तारीख होती आणि आमचा हिशेब २८ ला थांबत होता. एक निवृत्त गृहस्थ पासबुक घेऊन पतसंस्थेत आले. जुन्या पाकिटाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने मांडलं होतं : एक लाख रुपये, ९ टक्के, एक दिवस, २४ रुपये ६६ पैसे कमी. पाकिटाची ती मागची बाजू फोटो काढून आमच्याकडे पाठवली गेली. आमचा रिपोर्ट हिरवागार होता आणि त्यांचं गणित बरोबर होतं. आमच्या शेकडो चाचण्यांपेक्षा ते पाकीट ही खरी चाचणी होती, कारण त्यावर अपेक्षित उत्तर लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून असर्ट नसलेली चाचणी मी मर्ज होऊ दिलेली नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. त्या नव्या मुलाचं काम उलटवू नका. त्याने तुमच्या प्रत्येक फंक्शनपर्यंत जायचा रस्ता केला आहे आणि ते निम्मं काम असतं. त्याला बोलवा, आभार माना आणि प्रत्येक चाचणीत अपेक्षित उत्तर त्याच्याबरोबर बसून भरा. आकड्यांच्या बाबतीत फार हुशारी नको. ० ते १०० असे १०१ आकडे आहेत, १०१ शब्द आहेत. सगळा तक्ता चाचणीत ठेवा. पायटेस्ट या चाचण्यांच्या अवजारात पॅरामेट्राइझ वापरलं की एकाच चाचणीला हा तक्ता खाऊ घालता येतो आणि कुठला आकडा पडला ते नावानिशी कळतं. मराठीत शंभरापर्यंतचे आकडे नियमाने चालत नाहीत. ज्या गोष्टीला नियम नाही तिची यादीच करावी लागते.

मग ब्रँच कव्हरेज, म्हणजे प्रत्येक अटीच्या दोन्ही बाजू चालल्या का याची मोजणी, चालू करा. तुम्ही फक्त ओळी मोजत आहात. तुमच्या पावतीच्या फंक्शनमध्ये ‘पैसे असतील तर पुढे पैसे जोडा’ अशी एक अट आहे, तिला ‘नसतील तर’ची बाजू नाही. चाचणीत रक्कम १२५ रुपये ५० पैसे घेतली आहे, त्यामुळे सगळ्या ओळी हिरव्या. पैसे नसलेली रक्कम एकदाही दिलेली नाही. मी १२५ देऊन पाहिली तर ‘एकशे पंचवीस रुपये आणि’ असं छापलं, ‘आणि’ लटकलेला. ब्रँच मोजली की कव्हरेज डॉट पायच्या रिपोर्टमध्ये ही अट पिवळी दिसेल. (गॅरेथ रीस यांनी २००१ साली सुरू केलेलं हे अवजार २००४ पासून नेड बॅचेल्डर सांभाळत आले आहेत. एवढी वर्षं एकच अवजार जपणं, याला मी मनापासून नमस्कार करते.) ब्रँच चालू केल्यावर तुमचे ८६ खाली येतील. येऊ द्या, कोड कालचाच आहे.

रिपोर्ट उघडला की नजर टक्क्यांवर न ठेवता लाल, म्हणजे कधीच न चाललेल्या, ओळींवर ठेवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी ७.०.६ ही दुरुस्ती घाईने काढावी लागली, ती याच जातीच्या चुकीमुळे. सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’, म्हणजे ‘इथून थेट शेवटी उडी मार’, ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ पडली होती. दुसरीला कुठलीच अट नव्हती, त्यामुळे तिच्या पुढची सही पडताळणारी तपासणी कधी चाललीच नाही. कितीही चाचण्या चालवल्या असत्या तरी त्या खालच्या ओळी लाल राहिल्या असत्या, आणि रिपोर्ट बघणाऱ्या कुणीतरी विचारलं असतं की या कधीच का चालत नाहीत? इथे कव्हरेजने चोर पकडून दिला असता.

दोनच महिन्यांनी, ७ एप्रिल २०१४ ला, ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या मुक्तस्रोत लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला, आणि तिथे गोष्ट उलटी होती. समोरचा सांगायचा की माझा निरोप इतका लांब आहे, आणि प्रोग्राम तो आकडा खरा धरून तेवढी मेमरी परत पाठवायचा, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. आलेला निरोप खरंच तेवढा लांब आहे का, हे तपासणारी ओळच लिहिलेली नव्हती. जी ओळ नाही ती रिपोर्टमध्ये लाल कशी होणार? मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीपासून हा दोष तिथे होता. तुमच्या लायब्ररीत अशा न लिहिलेल्या ओळी कोणत्या, हे शोधायला कागद घेऊन बसावं लागेल. ऋण रक्कम आली तर? शून्य आलं तर? ‘१,००,०००’ असा स्वल्पविरामांसकट मजकूर आला तर? ‘५०१’ देवनागरीत टंकून आला तर? यातला एकही प्रश्न कुठलंही अवजार तुम्हाला विचारणार नाही.

नावांचा वर्णक्रम हा तुमच्या प्रकल्पाचा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तिथेच चाचण्या सगळ्यात कमी आहेत. यूनिकोडच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या, क्रमांकांनुसार ळ येतो ल नंतर, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून संगणकाच्या हातात दिलं तर काळे हे काशीकरांच्या आधी लागतात आणि वर्णमालेप्रमाणे नंतर यायला हवेत. क्षीरसागर कुठे जाणार? शाळेतल्या वर्णमालेत क्ष शेवटी, पण तो क् आणि ष यांचं जोडाक्षर आहे म्हणून क मध्येच हवा, असं म्हणणारेही आहेत. तुम्ही चौघांनी हे ठरवलेलं नाही, कारण चाचणीने तुम्हाला तसं कधी विचारलं नाही. ठरवा, चाचणीत लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तुमचा निर्णय तिथेच वाचता येईल.

दुसरं, तुमच्या नमुना यादीत ‘ॲड.’ लावलेलं एक नाव दोनदा आलं आहे आणि तुम्हाला वाटतंय की नोंद करणाऱ्याची चूक आहे. ती चूक नाही. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टंकला जातो : २००८ च्या यूनिकोड ५.१ मध्ये आलेलं एकच अक्षर, किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि यूनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) चालवूनही ती एक होत नाहीत. कऱ्हाडे या आडनावातल्या ऱ्ह चंही तसंच : कुणी ऱ वापरून लिहितो, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. चाचणी दोन ओळींची होईल, पण ती फक्त मराठी लिहिणाऱ्यालाच सुचू शकते.

वर्णक्रमाचं ते लांबलचक फंक्शन बदलायला तुम्ही घाबरता, हे तुमच्या टिपणांवरून दिसतं. आधी एक करा. भरपूर नावं त्यात घाला, आज जे उत्तर येतं ते जसंच्या तसं फाइलमध्ये साठवा, आणि ‘आज असं चालतं’ अशी चाचणी लिहा. उत्तर बरोबर आहे असा दावा नाही, फक्त नोंद. मग एकेक बदल करा आणि दर वेळी काय हललं ते पाहा. चुकीची ठिकाणं जाणूनबुजून दुरुस्त करा. पण ही नावं मंडळाच्या खऱ्या यादीतून घेऊ नका. रेपो जगाला खुला आहे, आणि वर्गणी देणाऱ्याने आपलं नाव आणि फोन नंबर त्यासाठी दिलेला नाही. चाचण्यांच्या फोल्डरमध्ये मला तशी एक फाइल दिसली. ती आज काढा. नुसती पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे साठवलेल्या जुन्या आवृत्त्यांत, ती राहते. इतिहासातूनही काढावी लागेल.

दुरुस्त करून बंद केलेल्या बगांची, म्हणजे कोडमधल्या चुकांची, तुमची यादी तेवीस नोंदींची आहे. प्रत्येकीसाठी एक चाचणी लिहा, आणि ती आधी पडताना पाहा. कधीच न पडलेल्या चाचणीवर मी विश्वास ठेवत नाही. दुरुस्ती तात्पुरती काढा, चाचणी लाल होते का बघा, मग परत घाला. हेच काम यंत्राकडून करून घेता येतं : कोडमध्ये मुद्दाम बारीक मोडतोड करायची, अधिकच्या जागी वजा, मोठ्याच्या जागी लहान, आणि एखादी तरी चाचणी ओरडते का पाहायचं. ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ साली विद्यार्थी असताना मांडली. पायथनमध्ये म्यूटमट हे अवजार ते करतं. वेळ खूप लागतो, म्हणून फक्त आकड्यांच्या फाइलवर चालवा. रात्री लावून झोपा.

आणि एसक्यूलाइट. हो, त्यांच्या गाभ्याच्या कोडचं ब्रँच कव्हरेज १०० टक्के आहे, आणि विमानांच्या सॉफ्टवेअरला लावतात त्या कडक मापानेही १०० आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला तो डेटाबेस आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये आहे, आणि त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे. तुम्ही चौघं परीक्षा सांभाळून हे करता. आजचा आकडा खालची पातळी म्हणून नोंदवा, त्याखाली गेलं तर मर्ज अडेल असं ठेवा, आणि नवी लिहिलेली प्रत्येक ओळ चाचणीसकटच आत घ्या. पुढच्या गणपतीपर्यंत आकडा कुठे पोचला ते मला कळवू नका. ९९, ॲड., काळे आणि कऱ्हाडे यांच्या चाचण्या हिरव्या झाल्या की कळवा.

प्रश्न : मी नोकरी करते. मुलं झोपल्यावर रात्री साडेअकरा ते एक या वेळात एका मुक्तस्रोत हिशेबाच्या प्रकल्पाला हातभार लावते. माझ्या बदलांवर तारखेची एक चाचणी पडते, सकाळी तीच पुन्हा चालवली की पास. लॅपटॉपवर तर कधीच पडत नाही. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, म्हणतात, ती तशीच आहे, पुन्हा चालवा. मला वाटतं माझंच काही चुकतंय.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. उलट या प्रकल्पातला खरा दोष तुमच्या वेळेमुळे दिसतो आहे. एक करून पाहा : चाचणी पडली त्या सगळ्या वेळा लिहून काढा. माझा अंदाज, त्या सगळ्या रात्री बारा ते पहाटे साडेपाच यांच्या आत निघतील. चाचण्या चालवणारा सर्व्हर सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो, आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे बारा वाजून तारीख बदलली तरी त्याच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहाच झालेले असतात. चाचणीत एका बाजूला भारतीय तारीख असणार आणि दुसऱ्या बाजूला ‘मशीनची आजची तारीख’. लॅपटॉप भारतीय वेळेवर आहे, म्हणून तिथे दोन्ही जुळतात.

पुन्हा चालवून हिरवं करण्यात दोन नुकसानं आहेत. एक म्हणजे माणसं लाल रंगाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. दुसरं जास्त मोठं : चाचणी खरं सांगते आहे. प्रकल्पाचा सर्व्हरही यूटीसीवर असेल तर १ एप्रिलला रात्री एक वाजता केलेल्या नोंदीवर ३१ मार्च पडेल, म्हणजे नोंद सरळ मागच्या आर्थिक वर्षात. वर्षअखेरीला रात्री जागून हिशेब करणारा प्रत्येक जण यात सापडेल.

दुरुस्ती अशी : फंक्शनने स्वतः ‘आज काय’ असं मशीनला विचारू नये, तारीख-वेळ त्याला बाहेरून द्यावी. मग चाचणीत ३१ मार्च रात्री ११:५९ आणि १ एप्रिल मध्यरात्री १२:०१ या दोन्ही वेळा तुम्ही दिवसाढवळ्या देऊ शकता. मेंटेनरना हे लिहिताना पडलेल्या वेळांचा तक्ता जोडा. तक्ता पाहिला की वाद उरणार नाही.

प्रश्न : एका प्रकल्पात कुणीही न वापरलेला जुना कोड मी काढला. त्यामुळे कव्हरेज ८० वरून ७७ वर आलं आणि यंत्राने माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती, अडवली. कोड कमी केल्याची शिक्षा?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : साधा भागाकार आहे. समजा १००० ओळी, ८०० तपासलेल्या, म्हणजे ८० टक्के. तुम्ही काढलेल्या १०० ओळींवर चाचण्या होत्या. राहिल्या ९०० पैकी ७०० तपासलेल्या, ७७.७७ टक्के. न तपासलेल्या २०० ओळी होत्या तेवढ्याच आहेत, प्रकल्प कणभरही धोक्यात आलेला नाही. हेच गणित असंच मेंटेनरना लिहा आणि सुचवा की अडवण्याची अट एकूण टक्क्यांवर न ठेवता बदललेल्या ओळींवर ठेवावी. तुमच्या बदलात नवी ओळ एकही नाही, म्हणजे अडवण्यासारखं काही उरत नाही. कोड काढायला तयार असलेली माणसं कमी असतात. हे काम सोडू नका.

प्रश्न : मी मराठीची निवृत्त शिक्षिका. नातू आणि त्याचे मित्र काही कोड लिहितात. रोज येऊन विचारतो, ‘आजी, ७३ म्हणजे त्र्याहत्तर की त्रेहत्तर?’ मी सांगते. मला कॉम्प्युटर येत नाही. यात माझा खरंच काही उपयोग आहे, की पोरगा माझं मन राखतो?
— एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : बाई, तुमचा नातू बहुतेक वरच्या पत्रातल्या चौघांपैकी एक असावा. तो मन राखत नाही, त्याला तुमची गरज आहे. वर मामांच्या दुकानातल्या सळईबद्दल लिहिलं आहे, ठरावीक कसाची, जिच्याशी बाकीचं ताडून पाहायचं. ती सळई त्या मुलांकडे नाही, तुमच्याकडे आहे. त्यांनी अपेक्षित उत्तरं स्वतःच्याच प्रोग्राममधून उतरवून घेतली तर प्रोग्राम स्वतःलाच प्रमाणपत्र देईल. उत्तर बाहेरून यायला हवं, भाषा पक्की असलेल्या माणसाकडून. इंदुरात वाढलेल्या मुलांच्या कानावर हिंदी आकडे जास्त पडतात. उनासी आणि एकोणऐंशी यांत त्यांची गल्लत होणं स्वाभाविक आहे.

एक दुरेघी वही घ्या आणि शून्यापासून शंभरापर्यंत सगळे आकडे अक्षरात लिहून द्या. त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट आणि मग एकदम त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. पासष्ट, पण पंचाहत्तर, पंच्याऐंशी. हे बदल जिथे होतात तिथे समासात खूण करा, मुलं तिथेच अडखळतात. ज्याची दोन रूपं तुम्ही वर्गात चालवून घेत होता ती दोन्ही लिहा आणि पावतीवर कोणतं छापावं त्याखाली रेघ मारा. नातवाने ते एकही वेलांटी न बदलता चाचणीत उतरवावं, आणि कमिटमध्ये सहलेखक म्हणून तुमचं नाव घालावं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये त्यासाठी रीतसर ओळ असते, तो जाणतो.

आणखी एक काम फक्त तुमच्याच हातचं आहे. त्यांच्या कोडमध्ये १५० कुठे ‘दीडशे’ होतो, कुठे ‘एकशे पन्नास’. २५० चं आणि साडेतीनशेचंही तेच. बोलताना दोन्ही चालतात, पण पावतीवर ‘अक्षरी रुपये’च्या पुढे एकच हवं. चौघांत यावर एकमत झालेलं नाही. तुम्ही काय म्हणाल?